स्वप्नातील सहकारी : फलश्रुती नव्हे, दोषविचार

भोकरसारख्या तालुक्याच्या गावी चिकित्सा करणाऱ्या वैद्यापुढे स्वप्नाचा प्रश्न सहसा थेट येत नाही. रुग्ण आम्लपित्त, कंबरदुखी किंवा झोप न लागण्याची तक्रार सांगतो, नाडी दाखवतो, औषधाच्या पुड्या पिशवीत ठेवतो आणि उठता उठता म्हणतो, ‘डॉक्टरसाब, अजून एक विचारायचं होतं.’ हे ‘अजून एक’ म्हणजे पुष्कळदा स्वप्न असते. पूर्वी अशा स्वप्नांत साप, म्हैस, पडलेले दात, नदीचा पूर, वारलेले आजोबा यांची गर्दी असे. ती अद्याप ओसरलेली नाही. मात्र त्यांच्या जोडीला एक नवा वर्ग आला आहे, तो म्हणजे नोकरीच्या ठिकाणची माणसे. शाखाधिकारी, मुख्याध्यापिका, तलाठी, आगारातील वाहक, जिनिंगमधील मुकादम, अंगणवाडीतील मदतनीस.

ही माणसे आपापल्या खुर्चीवर बसलेली दिसली असती तर कोणी विचारले नसते. ती भलत्याच जागी दिसतात. कडक स्वभावाचे साहेब रुग्णाच्या शेतात कापूस वेचीत असतात. मुख्याध्यापिका माहूरच्या गडाच्या पायऱ्यांवर बसून मेथी निवडीत असतात. किनवटला बदलून गेलेला लिपिक रुग्णाच्या देवघरात शिरून समईची वात सारतो. स्वप्न पाहणाऱ्याला भय वाटते ते या विसंगतीचे. ‘ते तिथं कशाला आले असतील?’ हा त्याचा खरा प्रश्न असतो, आणि त्यापाठोपाठ दुसरा : हे शुभ की अशुभ?

या प्रश्नावर वैद्याला दोन सोपे मार्ग सुचतात. ‘स्वप्नांना काही अर्थ नसतो’ असे म्हणून हसून वाटे लावावे, हा एक. इंद्रियस्थानातील एखादे अरिष्ट उद्धृत करून गंभीर चेहरा करावा, हा दुसरा. पहिल्याने रुग्ण देवऋषीकडे जातो, दुसऱ्याने तो रात्रभर जागा राहतो. आपल्या संहिताकारांनी यांपैकी कोणताही मार्ग पत्करलेला नाही, हे दाखविण्यासाठी हा लेखनप्रपंच.

संहितांतील स्वप्नविचार

चरकसंहितेच्या इंद्रियस्थानातील 5 वा अध्याय ‘पूर्वरूपीय’ या नावाने आहे. स्वप्नांचे विस्तृत विवेचन त्यात येते, आणि अध्यायाचे नावच सांगते की आचार्यांची दृष्टी व्याधीच्या पूर्वसूचनेकडे आहे. ज्योतिषाकडे तिचा रोख नाही. मनुष्य फार गाढ झोपलेला नसताना इंद्रियांचा स्वामी असलेल्या मनाच्या योगे सफल आणि अफल अशी अनेक प्रकारची स्वप्ने पाहतो, असे तेथे म्हटले आहे. पुढे स्वप्नांचे 7 प्रकार येतात : दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. डोळ्यांनी पाहिलेले ते दृष्ट, कानांनी ऐकलेले ते श्रुत. इतर इंद्रियांनी अनुभवलेले ते अनुभूत, जागेपणी ज्याची इच्छा धरली ते प्रार्थित आणि मनाने रचलेले ते कल्पित, असा चक्रपाणींच्या विवरणाचा आशय. भाविक म्हणजे पुढे घडणाऱ्या फलाचे सूचक, आणि दोषज म्हणजे प्रकुपित वातादींपासून उद्भवलेले.

या सातांपैकी पहिली 5 आचार्यांनी निष्फळ ठरविली आहेत. दिवसा पडलेले, फार लहान आणि फार लांबलेले स्वप्नही निष्फळ मानले आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या 29 व्या अध्यायात या यादीत आणखी भर घातली आहे. आपल्या प्रकृतीला अनुरूप असलेले, विसरलेले आणि चिंतेतून उपजलेले स्वप्नही त्यांच्या मते फल देत नाही. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने स्वप्नांच्या मोठ्या राशीतून बहुतांश भाग बाजूला काढून ठेवला होता. आजचा पंचांगवाचक या बाबतीत त्याच्याहून अधिक श्रद्धाळू म्हणावा लागेल.

आता सहकाऱ्याचे स्वप्न या चौकटीत ठेवून पाहावे. नोकरदार मनुष्य जागेपणाचा निम्मा वेळ ज्यांच्यासोबत घालवतो, त्यांची मुद्रा दृष्ट आहे. त्यांचे बोलणे, त्यांच्याविषयी चहाच्या टपरीवर झालेले बोलणे हे श्रुत आहे. बदली, बढती, थकीत मानधन, रजेचा अर्ज हे प्रार्थित. ‘साहेबांनी वर कळविले तर काय होईल’ ही चिंता कल्पित. अशा स्वप्नांपैकी फारच थोडी या पाच कप्प्यांच्या बाहेर पडतात. रुग्णाला हे याच शब्दांत सांगितले तरी चालते. ‘आचार्यांनी असे स्वप्न निष्फळ म्हटले आहे’ या वाक्याने त्याला जो दिलासा मिळतो, तो ‘तसं काही नसतं’ या वाक्याने मिळत नाही. पहिल्यात त्याचे स्वप्न ऐकून घेतले गेलेले असते.

आणखी एक गोष्ट संहितांचे परिशीलन करताना लक्षात येते. चरकाचार्यांनी ज्या भयसूचक स्वप्नांची नोंद केली, त्यांत सोबत कोणाची आहे हे पाहावे. कुत्रा, उंट किंवा गाढव यांवर बसून दक्षिणेकडे जाणे हे राजयक्ष्म्याच्या संदर्भात येते. प्रेतांसोबत मद्यपान आणि कुत्र्याकडून ओढले जाणे घोर ज्वराच्या संदर्भात येते. राक्षसगणांसोबत नाचत पाण्यात बुडणे उन्मादाच्या संदर्भात. शेजारच्या टेबलावरचा मनुष्य या यादीत कोठेही नाही. उलट सुश्रुत आणि वाग्भट या दोघांनीही शुभ स्वप्नांच्या वर्णनात देव, द्विज, गाई, राजे यांच्या जोडीला जिवंत सुहृदांचे दर्शन घातले आहे. आपल्या कार्यालयातील सर्वच मंडळींना ‘सुहृद’ म्हणावे की नाही, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. परंतु जिवंत, परिचित मनुष्याचे दर्शन आचार्यांना मुळात भयावह वाटत नव्हते, एवढे निश्चित.

भाविक स्वप्नाविषयी येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण मराठी मनावर स्वप्नाचा संस्कार संतचरित्रांतून झाला आहे. नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली, असे तुकोबांनी स्वतः सांगितले आहे. दोघांमध्ये सुमारे तीन शतकांचे अंतर. एका अर्थाने एकाच कामातला जुना सहकारी नव्याच्या स्वप्नात आला. मराठवाड्यातील देवगाव येथे जन्मलेल्या संत बहिणाबाईंना 1640 च्या सुमारास कोल्हापूर मुक्कामी तुकोबांचे स्वप्नदर्शन झाले. त्याआधी त्यांनी तुकोबांचे अभंग कीर्तनांतून ऐकले होते आणि दर्शनाची तळमळ धरली होती. चिकित्सकाच्या परिभाषेत श्रुत आणि प्रार्थित यांचा तेथे स्पष्ट पाया दिसतो. त्यावरचे जे आहे ते अध्यात्माचे क्षेत्र. त्यात मत देण्याचे साधन वैद्याच्या पेटीत नाही, आणि नसलेले साधन आहे असे भासवूही नये.

माणूस ओळखीचा, जागा भलतीच

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण आपल्याकडे सर्वतोमुखी आहे. तिने अर्धे कोडे सुटते. मुकादम मनात वसतो म्हणून स्वप्नात दिसतो हे ठीक. परंतु तो आजोळच्या विहिरीवर का दिसावा?

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील पहिल्या अध्यायात आत्म्याची जी लिंगे सांगितली आहेत, त्यांत स्वप्नामध्ये देशांतरी जाणे हे एक लिंग आहे. स्थलांतर हा स्वप्नाचा स्वभावच आहे, असे यावरून म्हणता येते. बृहदारण्यकोपनिषदात जेथे रथ नाहीत, रस्ते नाहीत, तेथे स्वप्नस्थ पुरुष ते निर्माण करतो असे वर्णन आहे. वैशेषिक दर्शनाचे भाष्यकार प्रशस्तपाद यांनी स्वप्नाची 3 कारणे दिली आहेत : संस्काराची पटुता, धातूंचा म्हणजे वातादींचा दोष आणि अदृष्ट. पहिल्या कारणाचे त्यांनी केलेले स्पष्टीकरण आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडते. कामी किंवा क्रुद्ध मनुष्य ज्या गोष्टीचे लक्षपूर्वक चिंतन करीत झोपतो, ती चिंतनाची मालिकाच त्याला प्रत्यक्षासारखी दिसू लागते. नोकरीच्या ठिकाणी काम आणि क्रोध यांना तोटा नसतो.

आधुनिक संशोधनाने या विचाराला वेगळ्या बाजूने पुष्टी दिली आहे. सिग्मंड फ्रॉइड यांनी 1900 साली प्रकाशित झालेल्या आपल्या ग्रंथात स्वप्नाच्या सामग्रीत आदल्या दिवसाचे अवशेष असतात असे मांडले. 1953 साली शिकागो येथे ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींचा टप्पा नोंदविला आणि स्वप्नाचा अभ्यास प्रयोगशाळेत आला. 2003 साली फॉसे आणि सहकाऱ्यांनी 299 स्वप्नकथनांची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे 65 टक्के स्वप्नांत अलीकडच्या जाग्या अनुभवाचा काही अंश होता. परंतु एखादा प्रसंग जसाच्या तसा, त्याच जागी, त्याच माणसांसह पुन्हा घडल्याचे प्रमाण 1 ते 2 टक्क्यांहून अधिक नव्हते. याचा अर्थ असा की माणूस एका कप्प्यातून येतो, जागा दुसऱ्या कप्प्यातून, भावना तिसऱ्यातून. मुकादम आणि आजोळची विहीर यांची गाठ कोणी मुद्दाम घातलेली नसते. सहकारी स्वप्नात त्याच्याच कार्यालयात दिसला, तर ते अधिक नवलाचे म्हणावे!

जागेच्या निवडीत प्रकृतीचा वाटा असावा, असे माझे मत आहे. ते संहितेचे वचन म्हणून कोणी घेऊ नये. वातप्रकृती मनुष्य स्वप्नात आकाशात संचार करतो, पित्तप्रकृतीला अग्नी, वीज, सोने, पळसाची फुले दिसतात, कफप्रकृतीला कमळे, हंस आणि जलाशय दिसतात, हे सुश्रुतांनी शारीरस्थानात सांगितले आहे. सीताखांडीच्या घाटावरून आपण आणि हेडमास्तर दोघे उडत चाललो आहोत असे सांगणारे शिक्षक माझ्याकडे येतात, ते कृश, बडबडे, थंडीने सांधे धरणारे असतात. तळ्याकाठी साहेबांसोबत निवांत बसल्याचे स्वप्न स्थूल, संथ अशा गृहस्थाने सांगावे हेही तितकेच स्वाभाविक. अशी स्वप्ने सुश्रुतांच्या नियमानुसार निष्फळ होत. प्रकृतिपरीक्षणाच्या प्रश्नावलीत मात्र त्यांना अवश्य स्थान द्यावे.

पहाटेचे स्वप्न खरे होते, या समजुतीचे काय? चरकांनी रात्रीच्या पहिल्या भागातील स्वप्न अल्पफल म्हटले आहे आणि वाग्भटांनी पहाटेच्या स्वप्नाला अधिक महत्त्व दिले आहे. झोपेच्या अभ्यासातून दिसते की जलद नेत्रहालचालींचे टप्पे रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जातात आणि पहाटे मनुष्य त्यांतूनच थेट जागा होतो. त्यामुळे ते स्वप्न स्पष्ट आठवते. जे स्पष्ट आठवते त्याचा पडताळा घेतला जातो, आणि जे आठवत नाही ते खोटे ठरण्याचाही प्रश्न उरत नाही. 2020 च्या टाळेबंदीत अनेक देशांतील अभ्यासकांनी स्वप्ने अधिक आठवू लागल्याची नोंद केली. झोप लांबली होती, दिनक्रम मोडला होता. सहकारी प्रत्यक्ष भेटत नव्हते आणि मोबाईलच्या पडद्यावरून घरातल्या पलंगापर्यंत येऊन पोहोचले होते.

‘खाऊ घातल्या’चे स्वप्न

एवढे विवेचन केवळ बौद्धिक राहिले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु आमच्या भागात, नांदेड-लातूरच्या पट्ट्यात, भानामती आणि करणी यांची भीती अजून जिवंत आहे. करणीची एक लोकप्रिय कल्पना म्हणजे ‘खाऊ घालणे’. कोणी अन्नातून काहीतरी घातले, ते पोटात बसून राहिले, आता माणूस वाळत जाणार, ही ती समजूत. या समजुतीला स्वप्नाची जोड मिळाली की प्रकरण किती पुढे जाते याचे एक उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

साधारण पस्तिशीच्या एक बाई सासूबाईंसह आल्या. महिनाभरात वजन उतरलेले, अन्नावर वासना नाही, घास घेतला की उमाळा येतो. तपासणीत यकृत, प्लीहा प्राकृत, कावीळ नाही, ज्वर नाही, रक्ताचे अहवाल सामान्य. औषधाचे बोलणे चालू असताना सासूबाई मध्येच म्हणाल्या, ‘हिला खाऊ घातलंय डॉक्टरसाब. सपनात येऊन घातलं.’ हळूहळू हकिकत उलगडली. बाई ज्या योजनेत काम करीत, तेथेच काम करणारी दुसरी स्त्री त्यांच्या स्वप्नात आली. ती यांच्या घरातल्या चुलीपुढे बसली होती, यांचीच भाकरी थापत होती, आणि तिने आपल्या हाताने दहीभाताचा घास यांच्या तोंडात घातला. जाग आली तेव्हा छातीत जळजळत होते आणि तोंडाला आंबट पाणी सुटले होते. स्वप्न सकाळी घरात सांगितले गेले. दुपारी ते गल्लीत पोहोचले. आठवड्याने एका देवऋषीकडे जाणे झाले आणि त्याने ‘एका ठिकाणी काम करणारी, सावळी बाई’ असे उत्तर दिले, जे त्याला आधी सांगितलेल्या स्वप्नातच होते. त्यानंतर त्या दुसऱ्या स्त्रीच्या मुलांशी गल्लीतली मुले खेळेनाशी झाली. नळावर तिची घागर मागे सारली जाऊ लागली. तिच्या दारात लिंबू टाकले गेले. तिला जाब विचारायला चार माणसे न्यायची असे घरात ठरत होते, त्याच आठवड्यात ही मंडळी माझ्याकडे आली होती.

रुग्णेचा पूर्वेतिहास पाहता चित्र वेगळे दिसले. दोन वर्षांपासून आम्लपित्त. डोकेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी घेण्याची सवय. रात्रीचे जेवण कामे आटोपून अकराच्या सुमारास, त्यात तिखट आणि शिळे, आणि जेवताक्षणी शय्या. दोघींमध्ये नोंदवहीच्या जबाबदारीवरून वाद झाला होता आणि त्या दिवसापासून बोलणे बंद होते. वादाच्या आधी ही स्त्री नेहमी डब्यातला घास यांना देत असे. दहीभाताचाच.

म्हणजे दृष्ट, अनुभूत, कल्पित, चिंताकृत असे सर्व घटक एका स्वप्नात हजर होते. शिवाय मध्यरात्र हा पित्ताचा काळ. पूर्वी ग्रहण केलेले अन्न विदग्ध होऊन ऊर्ध्वग झाले, कंठाशी अम्लता आली, आणि निद्रिस्त मनाने त्या संवेदनेला एक कथा जोडली. कथेसाठी माणूस हवा होता तो दिवसभराच्या रागातून मिळाला. मी रुग्णेला एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारला : जळजळ या स्वप्नाच्या आधीपासून होती की नंतर सुरू झाली? तिने विचार करून सांगितले, ‘जळजळ तर दिवाळीपासूनच आहे.’ स्वप्न मार्गशीर्षातले होते. कार्यकारणाचा क्रम तिच्याच तोंडून उलटा झाला.

चिकित्सा सरळ होती. वेदनाशामके बंद, रात्रीचे जेवण साडेसातच्या आत, सूतशेखर आणि कामदुधा, अविपत्तिकर चूर्ण, जेवणानंतर शतपावली. वजन घटल्यामुळे दुर्बीण तपासणीसाठी नांदेडला पाठविले. जठराला सूज होती, अन्य काही नव्हते. हा अहवाल सासूबाईंना मुद्दाम वाचून दाखविला. त्यांनी विचारले, ‘मंग त्या बाईचा काही दोष नाही म्हणता?’ मी म्हणालो, ‘मावशी, दोष पित्ताचा आहे.’

त्याच बैठकीत दुसरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली. एखादी व्यक्ती करणी करते असे ठरवून तिला त्रास देणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर आधी अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये अधिनियम झाला, हे बहुतेक वैद्यमित्रांना ठाऊक आहेच. खेड्यातील वैद्याला हा कायदा तोंडपाठ असण्याची गरज नाही, परंतु तो आहे आणि लागू होतो हे शांतपणे सांगता आले पाहिजे. चार माणसे गेली नाहीत. दोघी अद्याप एकाच खोलीत काम करतात. बोलणे कामापुरते असते. डबा एकत्र उघडला जातो की नाही, हे मी विचारलेले नाही.

या प्रसंगानंतर सुश्रुतांचे एक सूत्र मला नव्याने उमगले. अशुभ स्वप्न पडल्यास ते कोणालाही सांगू नये, तीन रात्री देवालयात राहावे, असे ते म्हणतात. पूर्वी मला हा केवळ धार्मिक संकेत वाटे. परंतु स्वप्न न सांगण्याने कोणाचे रक्षण होते? स्वप्न पाहणाऱ्याचे होतेच, पण त्याहून अधिक त्या स्वप्नात दिसलेल्या माणसाचे होते. जे गल्लीत गेलेच नाही त्यावरून कोणाची घागर मागे सारली जात नाही. आणि तीन रात्री म्हणजे मन निवण्यास पुरेसा अवधी. वाग्भटांनीही झोप पुन्हा लागल्याने आणि विरोधी म्हणजे धीराच्या वचनाने स्वप्नाचे फल बाधित होते असे सूचित केले आहे. चिकित्सकाचे शांत वाक्य हे असे प्रतीप वचन ठरू शकते. मात्र ते गुप्ततेच्या चौकटीत हवे. वैद्याला सांगणे हे ‘कोणाला सांगणे’ नव्हे, असा विश्वास रुग्णाला वाटला पाहिजे.

परपुरुष किंवा परस्त्री असलेल्या सहकाऱ्याशी सलगीचे स्वप्न सांगताना रुग्ण ओशाळतो. त्याविषयी लांबण लावण्याचे कारण नाही. स्वप्न हे आचरण नव्हे. प्रशस्तपादांचे सूत्र सौम्य शब्दांत सांगावे आणि जोडीदाराच्या कानावर त्यातले अक्षरही जाऊ देऊ नये.

दोषज स्वप्न कोणते मानावे

निष्फळ स्वप्नांचा हा पसारा दूर केल्यावर जे थोडे उरते, त्याकडे पूर्वरूप म्हणून बारकाईने पाहावे. अतिबलवान दोषांनी मनोवह स्रोतसे भरली म्हणजे दारुण स्वप्ने दिसतात, हे चरकवचन आजच्या रुग्णालाही लागू आहे. फक्त शोधण्याच्या जागा वाढल्या आहेत.

प्रथम औषधांची चौकशी करावी. रक्तदाबासाठी किंवा अर्धशिशीसाठी दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल भयस्वप्ने आणते. दम्यासाठी मुलांना आणि मोठ्यांनाही दिल्या जाणाऱ्या मॉन्टेलुकास्टबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 साली मानसिक दुष्परिणामांचा ठळक इशारा दिला आहे, त्यात दुःस्वप्नांचाही समावेश आहे. रोज मद्य घेणारा मनुष्य ते एकदम सोडतो तेव्हा पहिल्या काही रात्री स्वप्नांचा पूर लोटतो. मुकादम, साहेब, पोलीस सर्व त्यात असतात. ही वेळ स्वप्नार्थाची नव्हे. कंप आणि भ्रम यांवर डोळा ठेवण्याची आहे. घोरणाऱ्या, स्थूल रुग्णाला कोणी गळा दाबत असल्याचे स्वप्न वारंवार पडत असेल, तर दाबणारा हात शेजारच्या टेबलावरच्याचा असला तरी तपासणी श्वासमार्गाची करावी.

दुसरा एक प्रकार अधिक महत्त्वाचा. पन्नाशी-साठीचा पुरुष झोपेत हातपाय झाडतो, ओरडतो, पत्नीला ठोसा मारतो आणि उठविल्यावर सांगतो की जुन्या नोकरीतला कोणी अंगावर धावून आला होता. निरोगी मनुष्याचे स्नायू स्वप्नकाळी शिथिल असतात. येथे ती शिथिलता नष्ट झालेली असते. 1986 साली अमेरिकेतील मिनेसोटा येथे शेंक आणि सहकाऱ्यांनी या विकाराचे वर्णन केले. पुढे दिसून आले की अशा रुग्णांपैकी पुष्कळांना काही वर्षांनी पार्किन्सन, म्हणजे आपल्या परिभाषेत कंपवाताशी जुळणारा विकार होतो. चरकांनी स्वप्नाला पूर्वरूपाच्या अध्यायात का घातले, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. अशा रुग्णाची खाट भिंतीपासून दूर करावी, उशापायथ्याच्या अणकुचीदार वस्तू हलवाव्यात आणि त्याला मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवावे.

तिसरे म्हणजे जसाच्या तसा पुन्हा घडणारा प्रसंग. वर सांगितल्याप्रमाणे सामान्य स्वप्न माणसे आणि जागा यांची सरमिसळ करते. जेथे सरमिसळ होत नाही, तोच अपघात, तीच जागा, तोच मृत सहकारी रोज दिसतो, तेथे मनाला आघात झाला आहे असे समजावे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला तेव्हा लोक झोपेत होते. अशा आघातानंतर झोपेचीच भीती बसली तर तिला केवळ अनिद्रेची औषधे पुरत नाहीत. मृत सहकारी ‘चल’ म्हणून बोलावतो असे स्वप्न सांगणाऱ्याला, विशेषतः कर्ज, निलंबन किंवा व्यसन यांची पार्श्वभूमी असेल तर, जीव नकोसा झाला आहे का, हे सरळ शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही भीती निराधार आहे. केंद्र शासनाची टेलिमानस ही 2022 साली सुरू झालेली दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य मिळते; तो क्रमांक औषधाच्या कागदावर लिहून द्यावा.

उरलेल्यांसाठी निद्रेचीच चिकित्सा. आहार, स्वप्न आणि ब्रह्मचर्य हे त्रयोपस्तंभ सांगताना चरकांनी ‘स्वप्न’ शब्द निद्रेसाठीच योजला आहे. आपण मात्र त्याचा एकच अर्थ धरून बसलो. अभ्यंग, सुखोष्ण स्नान, संवाहन, मनाला प्रिय असे गंध आणि शब्द, सुखकर शय्या हे सूत्रस्थानाच्या 21 व्या अध्यायातील उपाय आजही बिनखर्चाचे आहेत. तळपायाला तीळतेल चोळण्यास दहा मिनिटे लागतात. अग्नी उत्तम असणाऱ्याला रात्री म्हशीचे दूध द्यावे. कफाधिक्य असल्यास देऊ नये. रात्रपाळी करणारे चालक, रेल्वेचे कर्मचारी, हंगामातील जिनिंग कामगार यांचा प्रश्न वेगळा आहे. रात्रिजागरणाने त्यांचे शरीर रूक्ष होते, आणि दिवसा मिळालेली तुटक झोप स्वप्नांनी भरलेली असते. त्यांना जेवणापूर्वी, अंधाऱ्या खोलीत, सलग झोपण्यास सांगावे आणि दिवसा पडलेले स्वप्न आचार्यांच्या मते निष्फळ असते हेही आवर्जून सांगावे. सत्त्वावजयाचा, म्हणजे अहितकर विषयांपासून मन आवरण्याचा, एक सोपा प्रयोग असा : झोपण्यापूर्वी तासभर कार्यालयाच्या मोबाईल गटावरील संदेश पाहू नयेत. हा सल्ला पाळणारा रुग्ण विरळा, हे मान्य.

रुग्णपत्रिकेत स्वप्नासाठी चार ओळी राखून ठेवाव्यात अशी माझी सूचना आहे. स्वप्न रात्रीच्या कोणत्या प्रहरी पडले, पुन्हा झोप लागली का, रात्री काय आणि केव्हा खाल्ले, शरीरातील लक्षण आधी की स्वप्न आधी, दिसलेल्या व्यक्तीशी दिवसा संबंध कसे आहेत, आणि या स्वप्नाचा अर्थ तुम्हाला आजवर कोणी काय सांगितला. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा कुजबुजत येते. तो विचारण्यापूर्वी सोबतच्या नातेवाइकांना थोडा वेळ बाहेरच्या बाकावर बसण्याची विनंती करावी.